दुखण्याचा वाटा

"दात दुखला तं पैसे देईन. दात पडला तं नाही."

रंभाबाई तुमसरे हे वाक्य दोन वर्षांपूर्वी ढिवर टोलीच्या समाजमंदिरात, बचत गटाच्या सव्वीस बायकांसमोर बोलली. बोलली तीही इतक्या ठणठणीत आवाजात, की ज्याच्या दातांचा विषय चालला होता त्यालाही ते बाहेर ओट्यावर बसल्या बसल्या नीट ऐकू गेलं. तो म्हणजे यादोराव, तिचा नवरा. त्याला ऐकू गेलं हे आत सगळ्यांना कळलं, कारण बाहेर कोणीतरी उगाच खोकलं आणि मग चपला फरफटत लांब गेल्या.

वही घेऊन बसलेली ज्योत्सना घुटमळली. रंभाबाई तिची सासू, यादोराव सासरा. हे लिहायचं की गाळायचं?

"लिही वं," रंभाबाई म्हणाली. "जसंच्या तसं लिही. उद्या कोनी म्हनाले नको का अध्यक्षबाईनं घरच्या मानसाले वेगळा न्याय केला."

ज्योत्सनानं लिहिलं. बारावीपर्यंत शिकण्याचा हा एक तोटा असतो. लोक तुमच्याकडून नको ते लिहून घेतात.

आसगावच्या पलीकडे धानाच्या बांध्या संपतात आणि तलावाची पाळ सुरू होते, तिथं ही टोली आहे. चाळीसेक घरं. तलाव सोसायटीनं घेतलेला, मोठं जाळं सगळ्यांचं, म्हणून त्यातली मासळीही सगळ्यांची. सकाळी डोंगे काठाला लागले की मासळी पाळीवर पळसाच्या पानांवर ओततात आणि घरागणिक वाटे पाडतात. वाटे पाडणारा कितीही सरळ माणूस असला तरी एखाद्या वाट्यात मरळ जाड पडते आणि एखाद्यात नुसती काटेरी बारीक मासळी. म्हणून एक माणूस तलावाकडे तोंड करून उभा राहतो, वाट्यांकडे पाठ. दुसरा काडी घेऊन एकेका वाट्याला टेकवतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस म्हणतो, "मनिरामचा." पुन्हा काडी, पुन्हा "हा कोनाचा?" आणि पुन्हा एक नाव. नाव निघालं की निघालं. मरळ गेली तर गेली. या गोष्टीवरून टोलीत भांडण झाल्याचं कोणाला आठवत नाही. बाकी सगळ्या गोष्टींवरून झालेलं आहे.

पाठ फिरवून उभं राहण्याचं हे काम वीस वर्षं यादोरावचं होतं. त्याला कारण असं काही नव्हतं. त्याची पाठ रुंद होती आणि आवाज पाण्यावरून पलीकडच्या पाळीपर्यंत जायचा, एवढंच.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी सगळे वाटे पडले आणि एक वाटा जास्त निघाला. काडीवाल्यानं दोनदा मोजलं. मग कळलं, रंभाबाईनं मघाशी वाकून प्रत्येक वाट्यातली एक-एक मासोळी उचलली होती आणि कडेला आपल्या हातानं एक वेगळा वाटा रचला होता.

"हा कोनाचा वं?"

"दुखन्याचा," रंभाबाई म्हणाली.

त्याच्या आदल्याच महिन्यात मंदाबाईचं बाळंतपण अडलं होतं. गाडी फुकट आली, दवाखानाही फुकट, पण बाहेरून आणायची औषधं, सोबतच्या माणसांचं खाणं-राहणं, पुन्हा पुन्हा भंडाऱ्याच्या खेपा. मंदाबाईचा नवरा मनिराम यानं पहाटे उठून डोंगा विकला, मागतील त्या किमतीत. बाई वाचली, पोर वाचलं, आणि मनिराम पुढं दोन वर्षं बगळ्यासारखा पाळीवर उभा राहून गळ टाकत होता. रंभाबाईला ते पाहवेना. "मानूस वाचला अन् डोंगा बुडाला, हे काय वाचनं झालं?" असं ती म्हणायची. तेव्हापासून प्रत्येक वाटणीत एक वाटा दुखण्याचा. तो आसगावच्या बाजारात ती स्वतः विकते, आणि त्याचा भाव करू देत नाही. "हे दुखन्याचे मासे आहेत बाई, यात घासाघीस केली तं लागते," असं म्हणते. गिऱ्हाईक घाबरून पुरे पैसे देतं. काय लागतं हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

बँकेत खातं उघडलं तेव्हा साहेबांनी वर 'आरोग्य बचत' असं लिहिलं. टोलीत कोणी ते नाव घेत नाही. दुखण्याचा वाटाच म्हणतात.

पैसे साचले तशा त्यांना बाहेर जायच्या वाटा फुटू लागल्या. पहिल्याच दिवाळीत सुशीलाबाई म्हणाली, यंदा कोणी फारसं आजारी पडलं नाही, तर उरलेले वाटून घेऊ, पोरांना कपडे होतील.

"दुखनं काय दिवाळी पाहून येते?" रंभाबाईनं विचारलं. "यंदाचे उरले ते पुढच्या वर्षी कामी पडतील. बसू दे तिथंच. पैसा काय मासा आहे का सडाले?"

हळूहळू तिचे कायदे झाले. ते कुठं लिहिलेले नव्हते, पण टोलीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. औषधाचं पक्कं बिल आणायचं. बिलात साबण आणि पावडर घुसवलेली असली तर ती पेनानं खोडायची. एसटीचं भाडं मिळेल, ऑटोचं नाही. पेशंटला उभं राहता येत नसेल तर ऑटोचं मिळेल, आणि उभं राहता येतं की नाही ते रंभाबाई येऊन पाहील. सुशीलाबाई एकदा ऑटोसाठी अर्धा तास अंगणात आडवी पडून राहिली होती. रंभाबाई तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि गप्पा मारू लागली. शेवटी सुशीलाबाईलाच चहा ठेवायला उठावं लागलं.

झाडफूक करणाऱ्याला पैसे नाहीत. टायफॉइड उतरल्यावर कोंबडी नाही, अंडी दोन मिळतील. टॉनिकवर डॉक्टरची सही पाहिजे. चिडायच्या बायका, भांडायच्या, पण कोणाचं दुखणं खरोखरचं असलं की तीच बाई पहाटे चारला पासबुक घेऊन दारात हजर असायची आणि बँक उघडेपर्यंत आपल्या पदरचे पैसे पुढं करायची. नऊ वर्षांत टोलीतला एकही डोंगा दवाखान्यापायी विकला गेला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना यादोरावचे दात गेले.

एकदम गेले नाहीत. वीस वर्षं तो खर्रा घोटत होता, सकाळी एक पुडी, दुपारी एक, संध्याकाळी दोन. सुपारी, तंबाखू आणि चुना यांनी आपलं काम शांतपणे केलं. साठीच्या आसपास दात हलायला लागले, मग आपापल्या सवडीनं निघाले, आणि एका उन्हाळ्यात खाली दोन आणि वर एक असे तीन राहिले. तेही एकमेकांसमोर नव्हते. भंडाऱ्यात दातांच्या डॉक्टरनं पाहिलं, ते तीन काढले आणि पूर्ण कवळीचे चौदा हजार सांगितले.

यादोरावचा मुलगा भूपेश, म्हणजे ज्योत्सनाचा नवरा, शहापूरजवळ हायवेवरच्या एका गोदामात कामाला आहे. पंधरा दिवसांनी घरी येतो. त्यानं चार महिने जमवून बापाच्या हातात पाच हजार दिले. यादोराव ते घेऊन पवनीला गेला आणि नवीन जाळं घेऊन आला.

"दात कोठे आहे?" भूपेशनं विचारलं.

"दातानं कोनी मासे धरते काय गा?" यादोराव म्हणाला, आणि मोकळ्या तोंडानं हसला. त्याचं ते शेवटचं मोकळं हसणं. कारण ते पाहून भूपेशची चार वर्षांची पोरगी हर्षा रडायला लागली.

मग गटापुढं विषय आला आणि रंभाबाई ते वाक्य बोलली.

त्यानंतर दोन वर्षांत यादोराव तसा कुठं गेला नाही, आणि तरी घरातून थोडाथोडा निघून जात राहिला. आधी तो लग्नांच्या पंगतीत बसेनासा झाला. मग बोलताना गळ्यातला दुपट्टा तोंडावर घेऊ लागला. पाळीवर एकदा पोरांनी त्याच्या बोबड्या उच्चारांची नक्कल केली, हसण्यावारीच केली, तोही हसला. दुसऱ्या दिवशी तो डोंगा बांधून सरळ घरी आला. पाठ फिरवून उभं राहायला आता कैलाश असतो. त्याची पाठ ठीक आहे.

ज्योत्सनाला हे सलायचं. ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, बपेऱ्याची. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा मराठीत अर्धी हिंदी बोलायची आणि सासूच्या एका शब्दाला तिची ततपप व्हायची. तेव्हा यादोराव संध्याकाळी तिच्यासमोर मरळचं डोकं घेऊन बसायचा आणि ते कसं खायचं ते शिकवायचा. गालाचा गोळा आधी, मग डोळ्यामागची चरबी, मग हाड चोखायचं. "याच्यात मासा खरा असते पोरी. बाकी अंग तं लोकाइसाठी." आता मरळचं डोकं ती खायची आणि यादोराव समोर भाताची पेज पीत बसायचा, तिच्याकडे न पाहता.

आणि त्याचं पोट दुखायचं. महिना दोन महिन्यांनी दुखायचं. हे दुखणं कायद्यात बसणारं होतं. पवनीच्या दवाखान्यात जायचं, गोळ्या आणायच्या, बिल आणायचं. रंभाबाई बिल उलटंसुलटं पाहून सही करायची, ज्योत्सना नोंद करायची.

या हिवाळ्यात ज्योत्सनाच त्याला घेऊन गेली. डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं पोट दाबून पाहिलं, मागचे कागद पाहिले आणि म्हणाली, "यांचं पोट चांगलं आहे हो. हे चावतच नाहीत. अख्खा घास पोटात गेल्यावर पोटानं काय करायचं?"

घरी येऊन ज्योत्सनानं वही उघडली आणि बोट ठेवत मागं मागं गेली. यादोराव, पोटदुखी. यादोराव, पोटदुखी. अकरा वेळा. तिच्याच हस्ताक्षरात. अकरा वेळा आपण एकच ओळ लिहिली आणि एकदाही वाचली नाही याची तिला मौज वाटली आणि थोडी भीतीही.

रंभाबाई अंगणात झिंगे निवडत बसली होती.

"आई, डॉक्टर म्हनते मामाजीचं पोट ठीक आहे."

"मंग गोळ्या कायले लिहून देते?"

"आपन मांगतो म्हनून. त्याईले चावता येत नाही ना. गिळूनच राहिले ते."

"बारीक करून देते ना मी."

"मिक्सरमधून मासा?"

रंभाबाईचा हात थांबला. तो प्रकार दोघींना आठवत होता. मागच्या दसऱ्याला तिनं रोहूचे काटे काढून तो रश्शासकट मिक्सरमध्ये फिरवला होता. यादोरावनं वाटीतल्या त्या करड्या पिठल्याकडे पाहिलं, वाटीला नमस्कार केल्यासारखं केलं आणि मीठ-भात खाऊन उठला.

"गटातून दात घेऊ आई. हे दुखनंच आहे."

"दुखनं काय असते हे तू नको शिकवू मले." झिंगे पुन्हा सुपात पडू लागले. "वीस वर्षं खर्रा खाऊन दात पाडले तुझ्या मामाजीनं. खर्र्याचे पैसे गटानं देल्ले होते काय? मंग दाताचे काहून देईल? अन् लीलाबाईले नाही म्हटलं मी, ह्याच तोंडानं, तिचे सारे दात गेले तवा. आता घरच्याले हो म्हनू? उद्या पाळीवर कोन्या तोंडानं जाऊ?"

सासू खोटं बोलत असती तर भांडता आलं असतं. सासू खरं बोलत होती, अडचण तीच होती.

त्याच दुपारी तिनं पाहिलं, रंभाबाई भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसली होती. मांडीवर ताट, ताटात उकडलेली मासोळी. ती बोटांनी तिचे काटे काढत होती. अगदी केसासारखे काटे, उजेडात धरून, एक एक. तासभर तिचं तेच चाललं होतं. मग तिनं ते मूठभर मांस वाटीत घालून यादोरावच्या खाटेजवळ ठेवलं आणि जणू वाटी आपोआप तिथं आली अशी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ज्योत्सना लीलाबाईकडे गेली. लीलाबाई टोलीतली सर्वांत म्हातारी बाई. नव्वदीची आहे असं ती म्हणते, सत्तरीची आहे असं तिचं कार्ड म्हणतं. ती उन्हात बसून फुटाणे खात होती, हिरड्यांनी.

"काकीजी, एक इचारू? मामाजीले गटातून दात देल्ले तं तुमाले राग येईल?"

"मले कायले?"

"तुमाले नाही म्हटलं होतं ना आईनं."

"नाही म्हटलं तेच बरं झालं." लीलाबाईनं एक फुटाणा कडकन फोडून दाखवला. "माझ्या हिरड्या पाय कशा दगड झाल्या. आता दात बसवले तं अडचन व्हईल." ती बराच वेळ चघळत राहिली. "तुझी सासू न्यायाची आहे वं. पन ती तोंड पाहून न्याय करते."

"आई? आई तं घरच्याले बी सोडत नाही!"

"तेच म्हनून राहिली मी. लोकं घरच्याचं तोंड पाहून मुठ्ठी उघडते. तुझी सासू घरच्याचं तोंड पाहून मुठ्ठी आवळते. दोनी एकच. मासे वाटतानी आपन पाठ फिरवतो, मंग पैसे वाटतानी काहून नाही फिरवत?"

ज्योत्सना उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली.

"हे तुमी बैठकीत म्हनाल काकीजी?"

"म्हनीन ना. मले तिथं दुसरं काय काम असते?"

पुढच्या गुरुवारी दुपारी बैठक होती. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलं होतं, म्हणून बायका निवांत होत्या आणि सगळ्या आल्या होत्या. समाजमंदिरात दऱ्या अंथरल्या. रंभाबाई नेहमीसारखी भिंतीला टेकून, सगळ्यांकडे तोंड करून बसली. ज्योत्सनाच्या वहीत तीन अर्ज होते. तिसरा अर्ज तिनं स्वतः लिहिला होता, आणि यादोरावला न विचारता.

लीलाबाईनं बसल्या जागेवरून काठी आपटली आणि आपलं म्हणणं मांडलं. घरच्यांचं नाव घेतलं नाही. नऊ वर्षं बायका म्हणतात, हिला जास्त दिलं, तिला कमी दिलं. तर अध्यक्षबाईनं पाठ फिरवावी, ज्योत्सना दुखणं वाचेल, नाव वाचणार नाही. अध्यक्षबाई हो-नाही सांगेल. नाव नंतर.

रंभाबाईचा चेहरा उजळला.

"नऊ वर्षं डोकं खाल्लं तुमी माझं! हे आंधी काहून नाही सुचलं कोनाले?" ती जागच्या जागी वळली. आता तिचं तोंड भिंतीकडे होतं, हात कसे धुवावेत याच्या जुन्या पोस्टरकडे. "पन सांगून ठेवते. मासेवानीच. एकदा तोंडातून निघालं का निघालं. मंग मांगं-पुढं नाही. वाच वं."

"एक बाई," ज्योत्सनानं वाचलं. "मोतीबिंदू. ऑपरेशन फुकट आहे. चष्म्याचे पैसे अन् दोघाचं जाया-यायचं भाडं पाहिजे."

"दुसरं कोन?"

"नवरा."

"डोळा बाईचा आहे का नवऱ्याचा? चष्मा द्या. भाडं एकाचं."

लीलाबाईनं काठी वहीवर टेकवली. "कोनाचा?"

"सुशीलाबाईचा."

"अवं बाप्पा!" भिंतीकडूनच आवाज आला. "ती एकटी गेली तं नागपूरले पोचन! दोघाचं द्या."

"नाही," लीलाबाई म्हणाली. "निघालं ते निघालं."

हशा झाला. सुशीलाबाई म्हणाली, नवऱ्याचं तिकीट मी काढीन, त्याला खिडकीची जागा देणार नाही फक्त.

"दुसरा. एक पोरगा. मोटरसायकलवरून पडला. गुडघ्याले सहा टाके."

"पिऊन होता काय?"

ज्योत्सनानं इकडेतिकडे पाहिलं. "हव."

"टाक्याचे द्या, इंजेक्शनचे द्या. बिल नीट पाय, गाडीचा आरसा घुसवला असन."

आरसा खरंच होता. नाव निघालं सचिन, मंदाबाईचा थोरला, आणि मंदाबाई पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की बाजूच्या बाईनं तिला पाणी दिलं.

"तिसरा," ज्योत्सना म्हणाली आणि तिनं वहीचं पान उलटलं. "एक मानूस. पोट दुखते. दोन वर्षांत अकरा वेळा गोळ्या देल्ल्या गटानं. डॉक्टर म्हनते पोटात काही नाही."

"मंग पोट कायनं दुखते?"

"चावत नाही. तोंडात दात नाही."

समाजमंदिरात हसण्याचे जे तुकडे उरले होते तेही विरले. टोलीत बोळकी तोंडं पाच-सहा होती. अकरा वेळा गोळ्या घेतलेलं एकच होतं, आणि त्या अकराही बिलांवर रंभाबाईची सही होती. बायका एकमेकींकडे पाहायचं टाळू लागल्या. ज्योत्सना सासूच्या पाठीकडे पाहत राहिली. अंबाडा, मानेवरची घामोळ्यांची जुनी खूण, पोलक्याची उसवलेली शिवण. पाठीवरून काही वाचता येत नाही. म्हणूनच तर ती फिरवतात.

"खर्रा खाल्ला असन त्यानं."

"खाल्ला. वीस वर्षं."

"आता?"

"सोडला."

"कवा?"

"दात गेल्यावर."

"दात गेल्यावर तं कोनी बी सोडते!" सुशीलाबाईला राहवलं नाही. दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. रंभाबाईचे खांदे हलले, पण ते कशानं, ते मागून कळलं नाही.

"दात दुखते काय त्याचे?"

हा प्रश्न येणार हे ज्योत्सनाला ठाऊक होतं. रात्रंदिवस ती त्याचं उत्तर घोळवत होती. हो म्हटलं असतं तर अर्ज कायद्यात बसला असता. पण समोर पाठ होती, आणि त्या पाठीशी खोटं बोलणं तिला जमेना.

"नाही," ती म्हणाली. "दातच नाही तं दुखन काय? पोट दुखते. अन् तो मानूस चार लोकात बसत नाही आता. त्याचं बिल नाही माझ्यापाशी."

बाहेर एक बकरी ओट्यावर चढली, आत डोकावली आणि उतरून गेली.

"अकरा येळा गोळ्या," रंभाबाई शेवटी म्हणाली. ती पोस्टरला सांगत असावी अशी सावकाश बोलत होती. "अन् सव्वीस बायका. एकीच्याही ध्यानात नाही आलं का दुखनं पोटात नाही, तोंडात आहे. अध्यक्षबाईच्याही नाही." तिनं पोस्टरचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "तिची काय नजर फुटली होती काय मालूम. दात द्या त्या मानसाले."

"पूरे?" लीलाबाईनं विचारलं.

"पूरे. मंग काय अर्धे देता?"

"पक्कं?"

"काकी, एकदा सांगतलं ना."

"मंग आता नाव आईक," लीलाबाई म्हणाली आणि काठी वहीवर टेकवली. "हा कोना—"

रंभाबाईचा हात वर गेला. नाव नको, असा. लीलाबाई अर्ध्या शब्दावर थांबली. मग तो हात खाली आला, पाठीमागे आला, आणि तळवा उघडून तसाच राहिला.

ज्योत्सनाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं घाईनं बँकेची स्लिप काढली, आकडा भरला आणि पेनासकट त्या तळव्यावर ठेवली. रंभाबाईनं स्लिप भिंतीवर धरली. सही करायला ती रात्रीच्या वर्गात शिकली होती आणि एकेक अक्षर सुटं काढायची, म्हणून वेळ लागला. भिंत खडबडीत होती, पेन दोनदा कागदातून आरपार गेलं. मग स्लिप खांद्यावरून मागं आली.

आपल्याला हे कधी कळणार नाही, ज्योत्सनाच्या मनात आलं. आईनं कोणत्या शब्दापासून ओळखलं असेल? अकरापासून? पोटापासून? की पाठ फिरवली तेव्हाच? विचारलं तर सांगणार नाही, आणि सांगितलं तर ते खरं असेलच असं नाही. स्लिपवरची शाई अजून ओली होती.

रंभाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. गुडघे कटकन वाजले. ती वळली नाही. भिंतीच्या कडेकडेनं, तोंड भिंतीकडेच ठेवून, एक हात गिलाव्यावरून फिरवत ती दारापर्यंत गेली. दारात चपलांचा ढीग होता. तिनं न पाहताच त्यात पाय घातले. एक चप्पल तिची होती आणि एक सुशीलाबाईची. सुशीलाबाईनं तोंड उघडलं, पण ज्योत्सनानं तिचा हात दाबला. रंभाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि उन्हात निघून गेली.